रांगेतली तिसरी खुर्ची

आमच्या चर्चमध्ये पियानो नव्हता. ऑर्गनही नव्हता. होते ते सात ट्रॉम्बोन, एक ढोल आणि झांजांची एक जोडी. एवढ्यावर देव खूश आहे असं इनॉकबाबा म्हणायचे, आणि देवाच्या वतीने बोलायचा अधिकार आमच्या मर्टल फोर्डमध्ये त्यांच्याइतका पाद्रीबुवांनाही नव्हता.

सात जणांच्या सात खुर्च्या उजव्या बाजूला तिरक्या मांडलेल्या असायच्या. फुंकताना ट्रॉम्बोनची सरकती नळी पूर्ण बाहेर सारली तरी पुढच्याच्या टाळक्याला लागू नये एवढं अंतर सोडून. पहिली खुर्ची इनॉकबाबांची. गाणं तेच उचलायचे. शेवटच्या दोन खुर्च्या खर्ज धरून बसायच्या. तिसरी माझी. तिसरीचं काम मधलं. वरचे उडायला लागले की त्यांना खाली धरायचं, खालचे जड झाले की त्यांना उचलायचं. ऐकणाऱ्याला तिसरी खुर्ची वेगळी कधी ऐकू येत नाही. ती रिकामी असली तर मात्र सगळ्यांना कळतं, मागच्या बाकावर झोपलेल्यांनासुद्धा.

म्हणून आमच्या रांगेचा एकच नियम होता. खुर्ची सोडायची असेल तर आपल्या जागी माणूस बसवून सोडायची. कुठे लिहिलेलं नव्हतं. माझा चुलतभाऊ रॅन्सम सैन्यात गेला तेव्हा नदीपलीकडच्या एका न्हाव्याला पकडून आणून बसवून मगच बसमध्ये चढला. म्हातारे टोब आजोबा अंथरुणाला खिळले, तर जावयाला उशाशी बसवून त्यांनी तीन आठवडे शिकवलं, आणि जावई नीट वाजवायला लागल्यावर चौथ्या दिवशी गेले. ते तेवढ्यासाठीच थांबले होते असं सगळे म्हणायचे. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्या रांगेत बसत होते, आधी इनॉकबाबांच्या कोपराजवळ ऐकायला आणि हात पुरायला लागल्यावर खुर्चीवर, आणि मला तो नियम कधी जाचला नव्हता. मला कुठे जायचंच नव्हतं.

हे एकोणीसशे सदुसष्टचं सांगते आहे. त्या वर्षी मला एकोणिसावं लागलं होतं. शाळा संपून वर्ष झालं होतं आणि मी एका डॉक्टरांच्या घरी इस्त्रीला जात होते.

मे महिन्यात आमच्या चर्चची एक बाई वारली. तिचं माहेर हॅरिस्टनला, म्हणून तिला तिकडे नेलं, सत्तर मैलांवर. आमची रांग पुढे वाजवत आणि मागे माणसं, असे आम्ही पुलापासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चढलो. ऊन चांगलंच होतं. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की फुटपाथवरून एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस आमच्या बरोबरीने चालतो आहे. अंगावर करडा सूट, हातात पाकिटांचा गठ्ठा. आम्ही वळलो की तो वळायचा. आम्ही हळू झालो की तोही हळू. मला वाटलं, मयताचा कोणी लांबचा नातेवाईक असेल, भांडण झालेलं असेल, म्हणून लांबून चालत असेल.

पुरून झाल्यावर आम्ही फाटकाबाहेर आलो तर तो तिथे उभा. सरळ माझ्यासमोर आला.

"मुली, नाव काय तुझं?"

मी तोंड उघडायच्या आत आई मध्ये आली. "आपण कोण? मयताचे कोण लागता?"

"कोणी नाही, बाई. मी इथल्या कॉलेजचा बँडमास्तर. थॅडियस फ्रिप."

"मग आमच्याबरोबर टेकडी का चढलात?"

"मोजत होतो." त्यांनी खिशातून घड्याळ काढून दाखवलं. "पुलापासून इथपर्यंत दीड मैल. सगळी चढण. तुमची माणसं एकदाही थांबली नाहीत. माझी पोरं सपाट रस्त्यावर पाऊण मैलात तोंड पुसायला लागतात."

"मयताला आलात की पोरी पळवायला?"

"आलो होतो पोस्टात, बाई," मास्तर म्हणाले आणि हातातली पाकिटं वर केली. "ही अजून टाकायची राहिली आहेत."

आई हसली नाही. पण तिच्या गालाला खळी पडली ती मी पाहिली. मास्तरांनीही पाहिली असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, "शनिवारी घरी आलो तर चालेल का?"

त्या काळी कॉलेजचे बँडमास्तर पोरं गोळा करायला गावोगाव फिरायचे. बहुतेक जण शाळेत जायचे, तिथल्या शिक्षकाला विचारायचे, पोराचा खांदा थोपटायचे. फ्रिप मास्तरांची रीत निराळी होती. ते पोराशी फारसं बोलतच नसत. ते स्वयंपाकघरात जाऊन बसत आणि आईने वाढलेलं जेवत. पुढे मी त्यांच्याबरोबर अशा किती फेऱ्या केल्या! गाडीत बसल्यावर ते मला सांगायचे, "डेला, आईने पहिल्यांदा वाढलं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा वाढलं ते आग्रह म्हणून. तिसऱ्यांदा न विचारता वाढलं की पोर आपलं."

पण त्या शनिवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. आईने मासे तळले होते, तांदूळ आणि चवळी शिजवली होती, भेंडी केली होती. मास्तर टायची गाठ सैल करून जेवायला बसले आणि आधी अर्धा तास फक्त जेवले. बाबा गिरणीतून आलेले, ते समोर बसून त्यांच्याकडे बघत होते. माझी धाकटी बहीण नेटी, अकरा वर्षांची, दाराआडून त्यांचे घास मोजत होती.

"माझ्याकडे ट्रॉम्बोन सगळ्यात पुढे चालतात," मास्तर शेवटी म्हणाले. "बँडची पहिली रांग तीच. बारा जणांची. दोघांना लष्करातून बोलावणं आलं, पाच जण शिकून बाहेर पडले. उरले पाच. पाच जणांची पहिली रांग म्हणजे दात पडलेलं तोंड."

"तिथे मुली असतात?" बाबांनी विचारलं.

"दोन आहेत. दोघी क्लॅरिनेटवाल्या. दोघींच्या आया मला दर महिन्याला पत्र लिहितात आणि मी दर महिन्याला उत्तर देतो. फी माफ, राहणं माफ. जेवण तुमच्या घरच्याइतकं चांगलं नाही, ते मात्र आत्ताच सांगून ठेवतो."

आईने न विचारता त्यांच्या ताटात भेंडी वाढली.

मग त्यांनी एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पाच-पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. मी तो बराच वेळ बघितला. आमच्या शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन दोनच होते आणि ते मुलांकडे. मी जे शिकले ते इनॉकबाबांच्या कोपराजवळ बसून, ऐकून.

"मला हे वाचता येत नाही," मी म्हटलं. कान तापले होते माझे.

मास्तरांनी तो कागद हातात घेतला आणि त्यावरचं सगळं तोंडाने गाऊन दाखवलं, ला-ला करत, भेंडीचा घास बाजूला सारून. "आता वाजव."

मी वाजवलं. मग त्यांनी दुसरी बाजू गायली, ती जरा अवघड होती, तीही वाजवली. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

"वाचायला मी शिकवीन. त्याचाच पगार घेतो मी. पण हा जो तुझा श्वास आहे ना, तो मला शिकवता येत नाही. मलाच येत नाही तर शिकवणार काय? सात ऑगस्टला, सोमवारी सराव सुरू होतो. रविवारी संध्याकाळपर्यंत ये."

ते गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "माणूस जेवतो चांगला." आमच्या घरात ही मोठी शिफारस होती.

मी त्या रात्री झोपले नाही. इस्त्रीच्या वाफेशिवाय दुसरं काही आपल्या वाट्याला असू शकतं हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं, आणि एकदा सुचल्यावर ते डोक्यातून जाईना. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये दोनदा चुकले.

इनॉकबाबांना बातमी कळलेली होतीच. प्रार्थना झाल्यावर ते वाद्य पुसत बसले होते. मी जवळ गेले.

"कॉलेजात जातेस म्हणे."

"हो, बाबा. तुमची परवानगी असेल तर."

"माझी परवानगी कशाला? देवाने फुप्फुसं दिलीत, वापर." त्यांनी नळीवरून फडकं फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. "खुर्ची कोणाला देतेस?"

झालं. दोन महिने माझ्या हातात होते, आणि मला तिसऱ्या खुर्चीसाठी माणूस शोधायचा होता. म्हणजे मास्तर माझ्यासाठी फिरत होते आणि आता मी दुसऱ्या कोणासाठी फिरायला लागले.

पहिला धरला व्हर्जिलमामाला. हात लांब, अंगाने धिप्पाड, तरुणपणी वाजवायचा. इनॉकबाबांनी त्याला बुधवारच्या प्रार्थनेला बसवलं. आमच्याकडे गाणं ठरावीक वेळात संपत नाही. कोणाच्या अंगात आनंद संचारला, कोणी उठून नाचायला लागलं, की ते माणूस दमून खाली बसेपर्यंत रांगेने थांबायचं नसतं. कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. व्हर्जिलमामा बाराव्या मिनिटाला उठून बाहेर गेला आणि पायरीवर बसून सिगरेट ओढायला लागला.

"अरे मामा, निदान गाणं तरी संपू द्यायचं होतंस!" मी रडकुंडीला आले होते.

"संपत होतं कुठे ते? मला वाटलं, तुम्ही मला मारायला बोलावलंय."

दुसरा होता लेव्हन्स म्हणून, हायवेवरच्या दारूच्या गुत्त्यात वाजवायचा. फार सुरेख वाजवायचा. त्याच्या नावाला पुढच्या बाकावर बसणाऱ्या, चर्चमध्ये ज्यांचा शब्द चालायचा त्या आमच्या पांढऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमुखाने नाही म्हटलं. तो स्वतःही हसून, चर्चमधल्या बायकांना म्हणतात तसं मला सिस्टर लावून म्हणाला, "सिस्टर डेला, रविवारी सकाळी अकराला मी कुठल्या अवस्थेत असतो ते तुला बघवणार नाही."

तिसरा शाळेच्या बँडमधला एक मुलगा. हुशार होता, कागदावरचं सगळं वाचायचा. पण गाणं ओळखीच्या शेवटापाशी आलं की वाद्य खाली ठेवायचा आणि इकडेतिकडे बघायचा, पुढचं पान कुठे आहे म्हणून. नेटी मागे लागली होती, मला बसव, मला बसव. तिला आवाज निघायचा, पण नळी शेवटच्या खुणेपर्यंत न्यायला तिचा हात वीतभर कमी पडायचा. ती रोज भिंतीशी उभी राहून हात मोजायची.

जुलै संपत आला. मी नदीपलीकडे गेले, रेल्वे फाटकापलीकडे गेले. ज्याला वाजवता येत होतं त्याला रविवारी कामावर जायचं असायचं, ज्याला वेळ होता त्याला दम नव्हता. आई म्हणाली, "तू जा. मी बघते इनॉकबाबांकडे." आई त्यांच्याशी भांडली असती आणि बहुतेक जिंकलीही असती. पण रविवारी ती खुर्ची रिकामी राहिली असती, आणि सगळ्या गावाने माझ्या आईकडे पाहिलं असतं. मला ते नको होतं.

शेवटच्या आठवड्यात मी मास्तरांना पत्र लिहिलं. लांबलचक लिहिलं नाही. आमच्याकडे अशी रीत आहे, माणूस मिळाला नाही, मी येऊ शकत नाही, आईने तुमची आठवण काढली आहे. पत्र टाकलं आणि डॉक्टरांकडे जाऊन एका दमात अकरा शर्ट इस्त्री केले.

ऑगस्टचा पहिला रविवार आला. मी नेहमीसारखी पांढरा ड्रेस घालून चर्चमध्ये गेले. दारात करडा सूट. हातात ट्रॉम्बोनची काळी पेटी.

"तिसरी खुर्ची कुठली?" फ्रिप मास्तरांनी विचारलं.

मला काही कळेना. मी नुसतं बोट दाखवलं. ते थेट रांगेपाशी गेले आणि इनॉकबाबांसमोर उभे राहिले. टोपी काढली.

"मी या खुर्चीसाठी आलो आहे."

इनॉकबाबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आपण त्या बँडचे मास्तर."

"हो."

"तिथे तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर शंभर माणसं चालतात म्हणे."

"एकशे वीस."

"इथे हात हलवायचा नाही. मी उचलीन ते गाणं. कुठला सूर, ते सांगत नाही आम्ही."

"शोधून घेईन."

"कुठल्या पंथाच्या चर्चचे?"

मास्तरांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मेथडिस्ट."

पांढऱ्या टोपीवाल्या बाकावरून एक मोठा सुस्कारा आला. आई पाठीमागून म्हणाली, "मेथडिस्टांनाही फुप्फुसं असतात." कोणीतरी खुदकन हसलं. इनॉकबाबांनी मात्र विचार केला. ते नियमांचे पक्के होते.

"आमच्या मुलीला घेऊन जाता, तर तुमच्याकडची एखादी जागा मोकळी करून तर येत नाही ना? एकाचं भोक बुजवायला दुसऱ्याकडे पाडलेलं आम्हाला चालत नाही."

"माझ्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो," मास्तर म्हणाले. "आणि उपदेश सुरू झाला की झोपतो. नाही गेलो तर शांतताच वाटेल त्यांना."

"बसा," इनॉकबाबा म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा वाद्याशिवाय आईशेजारी बसले. हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. इनॉकबाबांनी पहिला सूर उचलला. मास्तरांनी डोकं कलतं करून ऐकलं आणि तिसऱ्या ठेक्याला बरोबर त्यात शिरले. वाजवणं सफाईदार, स्वच्छ. बाकांवर माना डोलल्या. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. आपल्या जागी दुसरा एवढ्या पटकन बसतो हे कोणाला आवडतं?

सहाव्या-सातव्या मिनिटाला गाणं एका वळणावर आलं. कोणत्याही शहाण्या गाण्याने संपावं असं ते वळण होतं. मास्तरांनी शेवटचा सूर झकास लांबवला, तोडला, वाद्य मांडीवर ठेवलं आणि सवयीने उभे राहिले, टाळ्या स्वीकारायला उभे राहतात तसे. बाकीचे सहा वाजवतच होते. पलीकडे सिस्टर ओझिया दोन्ही हात वर करून नुकती कुठे नाचायला लागली होती.

पांढऱ्या टोपीतल्या एका म्हातारीने मास्तरांच्या कोटाचं टोक धरून ओढलं. "बसा, बाळ. अजून सुरूच व्हायचंय."

सगळं चर्च हसलं, वाजवणारेसुद्धा नळीतून हसले. मास्तर ओशाळून बसले. मग जे सुरू झालं ते पंचवीस मिनिटं चाललं. पंधराव्या मिनिटाला त्यांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये गेला. त्यांचे गाल फुगले. मला वाटलं, संपलं, आता हे उठणार आणि व्हर्जिलमामासारखे पायरीवर जाऊन बसणार. मला दिसत होतं ते काय चुकत होते. ते एकट्याने वाजवत होते, प्रत्येक सूर स्वतःचा स्वतः ओढत होते.

आमच्याकडे सगळे एकाच वेळी कधीच वाजवत नाहीत. दोघे नेहमी दम खात असतात. कोणी थांबायचं ते शेजाऱ्याच्या कोपरावरून कळतं. उजवीकडून कोपर लागलं की तू थांब, मी धरतो. डावीकडे तू लावलंस की तो थांबतो, तू धर. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं सातही जण अखंड वाजवतायत. हे मी मास्तरांना सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच माझ्या ध्यानात नव्हतं, नऊ वर्षांची असल्यापासून ते माझ्या बरगड्यांना माहीत होतं.

शेजारी दुसऱ्या खुर्चीवर रॅन्समने आणून बसवलेला तो न्हावी होता. त्याने कोपर मारलं. मास्तर म्हणाले, "माफ करा," आणि अंग चोरून सरकले. त्याने पुन्हा मारलं. मास्तर आणखी सरकले. मी जागेवर उभी राहिले आणि भर चर्चमध्ये ओरडले, "मास्तर, थांबा! ते धरतात!"

मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. एक श्वास. दोन. गाणं पडलं नाही. त्यांनी डावी-उजवीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फार कमी वेळा पाहिलं. मग न्हाव्याचं कोपर सैल झालं, आणि मास्तरांनी वाद्य उचललं आणि मधला सूर धरला. या वेळी तो सूर वेगळा ऐकू आला नाही. मी खाली बसले. आईने माझा हात धरला होता, ते मला तेव्हा कळलं.

सिस्टर ओझिया शेवटी दमून बसली. इनॉकबाबांनी गाणं उतरवलं. नंतर अंगणात, ओकच्या झाडाखाली, कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड वाढायला सुरुवात झाली होती, तेव्हा ते मास्तरांपाशी आले.

"वाजवता बरं. थांबता लवकर. आणि अंग चोरता. बरगडी द्यायची इथे."

"शिकेन," मास्तर म्हणाले. त्यांचा वरचा ओठ चांगलाच सुजला होता, "शिकेन" हा शब्दही धड निघत नव्हता.

"दर रविवारी?"

"बँड वाजतो त्या कॉलेजच्या फुटबॉल मॅच शनिवारी असतात. रविवारी सकाळी मी रिकामा."

"किती दिवस?"

"ही पोर शिकून बाहेर पडेपर्यंत. नाहीतर तुम्हाला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळेपर्यंत."

इनॉकबाबा माझ्याकडे वळले. मी पाय एकमेकांवर ठेवून उभी होते. "खुर्ची भरली," ते म्हणाले. "जा, पोरी. आणि याच्याकडून ते वाचायचं शीक. आम्हाला उपयोग नाही, पण शीक."

नेटी लगेच माझी पेटी आणायला धावली. आईने कागदात गुंडाळून कोंबडी आणि केक दिला, मास्तरांसाठी वेगळा, कारण त्यांना त्या ओठाने काही खाता येत नव्हतं आणि ते बघून तिचा जीव तुटत होता.

मास्तर पुढे वीस महिने दर रविवारी आले. मॅच हरलेली असो, जिंकलेली असो. पहिल्या नाताळपर्यंत ते चाळीस मिनिटं टिकायला लागले, आणि तोवर त्यांनी कॉलेजच्या पहिल्या रांगेला कोपर शिकवून टाकलं होतं. परेडमध्ये आम्ही शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता वाजवत जायचो, आणि दुसऱ्या कॉलेजांचे मास्तर फुटपाथवरून घड्याळं काढून चालायचे. वीस महिन्यांनी नेटीचा हात शेवटच्या खुणेपर्यंत पोचला, आणि इनॉकबाबांनी मास्तरांना जेवायला घालून मोकळं केलं. त्या दिवशी ते रडले म्हणे. मास्तर. इनॉकबाबा कधी रडत नसत.

पण त्या पहिल्या रविवारी दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. मास्तरांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर धरली.

"चालवता येते?"

"बाबांचा ट्रक येतो."

"तोच प्रकार आहे. मी झोपतो. पेट्रोल फक्त कोल्सच्या पंपावर भरायचं, तो आपल्यासारखाच काळा माणूस आहे; गोऱ्यांच्या पंपावर कुठेही थांबायचं नाही. तिथून उजवीकडे वळायचं." एवढं बोलून ते शेजारच्या सीटवर बसले, सुजलेल्या ओठावर ओला रुमाल ठेवला आणि मर्टल फोर्डची पाटी जायच्या आत घोरायला लागले.

मी स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरून सत्तर मैल गाडी चालवली. माझ्या गावापेक्षा मोठ्या गावात मी त्याआधी एकदाच गेले होते, तेही मयताला. कोल्सच्या पंपावर एका म्हाताऱ्याने आत डोकावून विचारलं, "फ्रिप मास्तरांना काय झालं?"

"चर्चला आले होते," मी म्हटलं.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास उजवीकडे कॉलेजच्या फाटकाची लाल विटांची कमान दिसली. मागे मोकळं मैदान होतं, आणि त्या मैदानावर पाच जण लांब लांब अंतरावर उभे राहून नळ्या सरकवत होते. त्यांच्यामध्ये जागा सोडलेल्या होत्या, एकेका माणसाच्या. मी गाडी कमानीखाली थांबवली आणि इंजिन बंद केलं.

मास्तरांनी रुमाल काढून डोळे उघडले. "आलो का?"

"आलो," मी म्हटलं, आणि मागच्या सीटवरून माझी पेटी ओढून घेतली.